विश्लेषण : ‘गेम बॉय’चे शिल्पकार गुनपेई योकोई कोण होते? त्यांचे जुने यंत्र आजही का उघडले जाते?

पत्त्यांच्या कारखान्यातला देखभाल कर्मचारी ते जगभर पोहोचलेल्या गेमिंग यंत्राचा शिल्पकार, असा हा प्रवास. योकोई यांच्या निधनानंतरही त्यांच्या यंत्रात हौशी मंडळी नवे पडदे आणि नवे खेळ बसवत आहेत. ते कसे, आणि त्यासाठी कोणती सॉफ्टवेअर साधने लागतात?

नव्वदच्या दशकात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये लहानाचे मोठे झालेल्या अनेकांना तीन वस्तू आठवत असतील. टीव्हीला जोडायच्या व्हिडीओ गेमच्या रिमोटवरचे अधिकच्या चिन्हासारखे बटण, त्याच खोक्यात मिळणारी बदके टिपायची प्लास्टिकची बंदूक आणि पेन्सिल सेलवर चालणारा, विटा रचायचा ‘ब्रिक गेम’. बाजारात त्यांवर नावे वेगवेगळी असत. पण तिन्हींची वाट, थेट किंवा आडवळणाने, एकाच माणसाच्या टेबलापाशी जाऊन पोहोचते. तो माणूस म्हणजे निन्टेंडो कंपनीतील अभियंता गुनपेई योकोई.

सुरुवात कुठून झाली?

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योटो शहरात झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले. बरोबरीचे पदवीधर टोकियोतील बड्या कंपन्यांत गेले. योकोई यांची तिथे वर्णी लागली नाही. १९६५ मध्ये ते गावातल्याच निन्टेंडोत रुजू झाले.

तेव्हाची निन्टेंडो ही गेमिंग कंपनी नव्हती. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी हानाफुडा, म्हणजे फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते, बनवत होती. योकोई यांचे काम होते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्र बिघडले तर दुरुस्त करायचे, एरवी रिकामे बसायचे.

त्या रिकाम्या वेळेत त्यांनी कारखान्यातल्याच साहित्यातून एक लांबणारा हात बनवला. कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या पट्ट्या, मूठ दाबली की पुढे सरकणारा पंजा. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेला तो पडला आणि योकोई यांना बोलावणे आले. बोलणी खावी लागतील अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात हीच वस्तू खेळणे म्हणून बाजारात आणा, असा आदेश मिळाला. १९६६ मध्ये आलेल्या या ‘अल्ट्रा हँड’चे दहा लाखांहून अधिक नग खपले. देखभाल विभागातला माणूस खेळणी बनवणारा झाला.

‘मुरलेले तंत्रज्ञान’ म्हणजे काय?

योकोई यांच्या पुढच्या खेळण्यांत एक धागा दिसतो. १९६९ च्या ‘लव्ह टेस्टर’मध्ये दोघांनी एकमेकांचा हात धरायचा आणि मोकळ्या हातात एकेक धातूचा गोळा पकडायचा. शरीरातून जाणाऱ्या अगदी कमी विजेवर काटा हलायचा आणि तेवढेच प्रेमाचे माप ठरायचे. आतमध्ये होता तो प्रयोगशाळेतला साधा वीजमापक. १९७२ च्या ‘लेफ्टी आरएक्स’ या रिमोटवरच्या मोटारीला फक्त डावीकडे वळता येत असे. रिमोटवरच्या गाड्या तेव्हा फार महाग होत्या. गोल मैदानात शर्यत लावायची तर डावे वळण पुरते, हे ओळखून त्यांनी बाकीचा खर्च काढून टाकला.

१९७० ची प्रकाशबंदूक याच पठडीतली. शार्प कंपनीच्या सौर घटांचा उपयोग तेव्हा वीजनिर्मितीसाठी होत होता. त्यावर प्रकाश पडला की वीज तयार होते, म्हणजेच तो घट निशाणी म्हणूनही चालेल, असा विचार योकोई आणि शार्पचे अभियंता मासायुकी उएमुरा यांनी केला. बंदुकीतून प्रकाशाचा झोत, समोर सौर घट. उएमुरा पुढे निन्टेंडोत आले आणि ‘फॅमिकॉम’ या घरगुती गेमिंग यंत्राचे शिल्पकार ठरले. भारतात नव्वदच्या दशकात घरोघरी पोहोचलेले बहुतेक टीव्ही गेम याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.

योकोई यांचे सूत्र असे होते. नवीनातले नवीन तंत्रज्ञान महाग असते आणि त्याचे दोष कुणाला ठाऊक नसतात. त्याऐवजी मोठ्या प्रमाणावर बनत असलेले, स्वस्त झालेले, गुणदोष कळलेले तंत्रज्ञान घ्यायचे आणि ते आजवर जिथे वापरले गेले नाही अशा जागी वापरायचे. जपानी भाषेत त्यांनी त्याला सुकलेले तंत्रज्ञान म्हटले. मराठीत त्याला मुरलेले म्हणणे अधिक जवळचे ठरेल. लोणचे मुरावे तसे, वापरून वापरून भरवशाचे झालेले.

कॅल्क्युलेटरचा खेळ कसा झाला?

सत्तरच्या दशकात शार्प आणि कॅसिओ यांच्यातल्या स्पर्धेमुळे खिशातले कॅल्क्युलेटर भराभर स्वस्त झाले. त्याच सुमारास बुलेट ट्रेनमधून जाताना योकोई यांना कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला दिसला. प्रवासात कुणाच्या डोळ्यांवर न येता, दोन अंगठ्यांनी खेळता येईल असे काही हवे, हा विचार तिथे आला. आज बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर खेळणाऱ्यांना ही गरज समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे अध्यक्षांचा चालक रजेवर असताना गाडी चालवायची वेळ योकोई यांच्यावर आली आणि वाटेत त्यांनी ही कल्पना यामाउची यांच्या कानावर घातली. थोड्याच दिवसांत शार्पची माणसे निन्टेंडोत हजर झाली. १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ बाजारात आला. एका यंत्रात एकच खेळ आणि सोबत घड्याळ. पडद्यावरची प्रत्येक आकृती कॅल्क्युलेटरच्या आकड्यांसारखी आधीच कोरलेली असे. ती फक्त उजळायची किंवा विझायची.

एक अडचण मात्र आली. पडदा आणि त्यावरची काच फार जवळ आल्याने रंगीत वलये उमटू लागली. पडद्यावर बारीक उंचवटे देऊन दोन्हींत किंचित अंतर ठेवले की वलये जातात. त्यासाठी योकोई यांनी पत्त्यांवर उठावकाम करणारी कंपनीतली जुनी यंत्रे उपयोगात आणली. ज्या कारखान्यात ते देखभालीसाठी आले होते, तिथलाच अनुभव इथे कामी आला. १९९१ पर्यंत गेम अँड वॉचचे ४ कोटी ३४ लाख नग खपले.

१९८२ च्या ‘डाँकी काँग’ या मॉडेलसाठी त्यांनी चार दिशांचे एकसंध बटण तयार केले. चार वेगळ्या बटणांवर बोट उचलून ठेवावे लागते, या बटणावर अंगठा न उचलता दिशा बदलते. पुढच्या वर्षी ते फॅमिकॉमवर आले. तिथून नकलांच्या वाटेने ते भारतातल्या टीव्ही गेमच्या रिमोटवर पोहोचले.

न खपलेल्या यंत्रांचे काय केले?

जुन्या यंत्रात नवा खेळ घालण्याचा, आजच्या भाषेत ‘मॉडिंग’चा, एक मोठा प्रयोग निन्टेंडोनेच केला होता. अमेरिकेत पाठवलेल्या ‘रडार स्कोप’ या नाणे टाकून खेळायच्या यंत्रांपैकी सुमारे दोन हजार पेट्या पडून राहिल्या. त्याच पेट्यांत बसेल असा नवा खेळ बनवण्याचे काम शिगेरू मियामोटो या तरुण चित्रकाराकडे आले. त्याच्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी योकोई यांची होती.

पडदा, पेटी, दांडा तोच ठेवून आतल्या चिप बदलल्या गेल्या. १९८१ चा ‘डाँकी काँग’ असा जन्माला आला. पुढे मारिओ म्हणून ओळखले गेलेले पात्र याच खेळात पहिल्यांदा दिसले. भंगारात जाऊ पाहणाऱ्या पेट्यांनी कंपनीला अमेरिकेत उभे केले.

‘गेम बॉय’ इतका साधा का ठेवला?

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येनला गेम बॉय विक्रीस आला. योकोई यांच्या विभागाने तो घडवला आणि सातोरू ओकाडा हे त्यातले दुसरे महत्त्वाचे अभियंता होते. कागदावर हे यंत्र तेव्हाही मागासलेले वाटत होते. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट, चार छटांचा आणि मागे दिवा नसलेला. कामाची मेमरी ८ किलोबाइट, चित्रांसाठी आणखी ८. प्रोसेसर सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा. ‘टेट्रिस’ हा खेळ अवघ्या ३२ किलोबाइटमध्ये मावला होता. आज मोबाइलवर आलेला एखादा फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो.

स्पर्धकांकडे रंगीत पडदे होते. त्याच वर्षीचा ‘अटारी लिंक्स’ आणि १९९० चा सेगाचा ‘गेम गिअर’ दिसायला कितीतरी देखणे. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले, स्वस्त होता आणि हातातून पडला तरी सहसा बिघडत नसे. मुलांचा खाऊचा पैसा सेलवर जातो, हा हिशेब योकोई यांनी केला होता. पुढचा ‘गेम बॉय कलर’ धरून या यंत्रांचे सुमारे ११ कोटी ८७ लाख नग खपले.

व्हर्च्युअल बॉय का फसला?

१९९५ च्या जुलैत आलेला ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र आपटला. डोळ्यांना लावायच्या या यंत्रात लाल दिव्यांची एक उभी रांग आणि वेगाने हलणारा आरसा यांतून खोली असलेले चित्र दिसे. लाल रंग निवडला तो स्वस्त आणि कमी वीज खाणारा म्हणून. पण चित्र फक्त लाल-काळे, यंत्र टेबलावर ठेवून वाकून पाहायचे आणि थोड्या वेळात डोळे दुखायचे. शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नसल्याने दुकानात दाखवूनही लोकांना मजा पटवता येईना. जगभरात सुमारे ७ लाख ७० हजार नग विकले गेले आणि वर्षभरात उत्पादन थांबले.

मुरलेल्या वस्तूंवर भरवसा ठेवणारा हा अभियंता इथे न मुरलेल्या वाटेवर गेला होता, असे त्याकडे पाहता येते. १५ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांनी ३१ वर्षांची नोकरी सोडली. अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना जावे लागले, असे अजूनही सांगितले जाते. स्वतः योकोई यांनी ते नाकारले होते. जाण्याआधी त्यांनी ‘गेम बॉय पॉकेट’ पूर्ण केला. तो त्याच जुलैत बाजारात आला होता.

शेवटचे वर्ष

निन्टेंडो सोडल्यावर त्यांनी क्योटोत ‘कोटो’ ही छोटी कंपनी काढली. तिथे बांदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या यंत्राची आखणी सुरू झाली. सूत्र तेच, पण अधिक काटकसरीचे. एकाच पेन्सिल सेलवर ३० तासांच्या आसपास चालणारे, आडवे-उभे दोन्ही धरता येणारे यंत्र.

ते बाजारात आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी इशिकावा प्रांतातील होकुरिकु द्रुतगती मार्गावर, ते बसलेली मोटार पुढच्या ट्रकला धडकली. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या वाहनाने त्यांना धडक दिली. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

वंडरस्वान मार्च १९९९ मध्ये ४,८०० येनला आला. त्यावरच्या एका कोडेवजा खेळाला त्यांच्या स्मरणार्थ ‘गुनपेई’ हे नाव देण्यात आले. २००० मध्ये याच यंत्रासाठी ‘वंडरविच’ नावाचा संच अधिकृतपणे निघाला. त्यामुळे घरच्या संगणकावर सी भाषेत खेळ लिहून तो यंत्रात भरण्याची सोय हौशी लोकांना मिळाली.

आज ही यंत्रे का उघडली जातात?

गेम बॉयला नंतर आलेल्या अनेक यंत्रांपेक्षा अधिक आयुष्य लाभले, त्याचे कारण योकोई यांच्या निवडीत आहे. आतमध्ये भाग मोजके आहेत, जागा मोकळी आहे आणि कुलपे जवळजवळ नाहीत. प्रोसेसर शार्पचा खास असला तरी त्याची जात जुनी आहे. तो इंटेल ८०८० आणि झायलॉग झेड-८० यांच्या घराण्यातला.

मुंबई विद्यापीठात इंजिनीअरिंग केलेल्यांच्या अनेक पिढ्यांनी ८०८५ मायक्रोप्रोसेसरचे प्रॅक्टिकल केले आहे. तोही त्याच घराण्यातला. ए, बी, सी, डी, ई, एच, एल ही रजिस्टरची नावेही तीच. त्यामुळे परीक्षेपुरता शिकलेला तो विषय गेम बॉयचा कोड वाचताना पुन्हा उपयोगी पडतो.

सुरक्षेची अटही साधी आहे. यंत्र सुरू होताच ते कार्ट्रिजमधली ४८ बाइटची निन्टेंडोची खूण स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून पाहते. जुळली नाही तर पुढे जात नाही. संपर्कपट्टी मळलेली असेल तर ही खूण फाटकी किंवा नुसता काळा ठोकळा दिसते आणि यंत्र अडते. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची सवय इथल्या मुलांनाही होती. पण तोंडातल्या ओलाव्याने पट्टी गंजते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हा त्यावरचा योग्य उपाय आहे.

सॉफ्टवेअर साधने कोणती आणि ती काय करतात?

या कामाचे ढोबळमानाने चार टप्पे आहेत.

वाचणे : यूएसबीने जोडायच्या ‘जीबीएक्स-कार्ट’सारख्या उपकरणात कार्ट्रिज बसवायचे आणि ‘फ्लॅशजीबीएक्स’ या सॉफ्टवेअरने त्यातला खेळ व साठवलेली प्रगती संगणकावर उतरवायची. प्रत्येक कार्ट्रिजच्या आरंभी एक तपासबेरीज नोंदलेली असते. उतरवलेल्या प्रतीतून तीच बेरीज पुन्हा काढून जुळते का, हे पाहिले की संपर्क नीट बसला होता की नाही ते कळते.

तपासणे : ‘बीजीबी’, ‘सेमबॉय’, ‘एमजीबीए’ हे एम्युलेटर, म्हणजे संगणकावर गेम बॉयसारखे वागणारे सॉफ्टवेअर. यांत खेळ मध्येच थांबवून मेमरीतला प्रत्येक आकडा पाहता येतो. आयुष्ये तीनवरून दोन झाली, तेव्हा नेमका कोणता बाइट बदलला, हे शोधण्यापासून बहुतेकांची सुरुवात होते. यंत्राच्या आतल्या रचनेची ‘पॅन डॉक्स’ ही टिपणे हौशी मंडळींनी नव्वदच्या दशकापासून वाढवत आणली आहेत.

बदलणे : मूळ खेळ कुणाला न देता फक्त बदल देण्यासाठी ‘पॅच’ असतो. पुस्तकासोबत येणारे शुद्धिपत्रक डोळ्यांसमोर आणावे. अमुक पान, तमुक ओळ, तिथे असे वाचावे. ‘आयपीएस’ या जुन्या पॅचमध्ये नेमके हेच असते : जागा, लांबी आणि नवे बाइट. नव्या ‘बीपीएस’ प्रकारात मूळ फाइलची तपासबेरीजही असते, त्यामुळे चुकीच्या आवृत्तीवर पॅच बसत नाही. ‘ल्युनार आयपीएस’ आणि ‘फ्लिप्स’ ही पॅच लावणारी सॉफ्टवेअर. फक्त जपानीत निघालेले अनेक खेळ अशाच पॅचमुळे इंग्रजीत खेळता येतात.

बनवणे : स्वतःचा खेळ लिहायचा तर असेम्ब्ली भाषेसाठी ‘आरजीबीडीएस’, सी भाषेसाठी ‘जीबीडीके’ आणि कोड न लिहिता चित्रे व घटना जोडून खेळ रचण्यासाठी २०१९ मध्ये आलेला ‘जीबी स्टुडिओ’ आहे. तिन्ही मोफत मिळतात. ‘एलएसडीजे’ या सॉफ्टवेअरने तर गेम बॉयचे वाद्य केले. त्यावर रचलेले संगीत कलाकार मंचावर वाजवतात. तयार झालेली फाइल पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश कार्ट्रिजमध्ये भरली की ती मूळ यंत्रावर चालते.

यंत्राच्या बाजूनेही सुधारणा होतात. दिवा नसलेल्या पडद्याच्या जागी उजळ आयपीएस पडदा बसतो. पडद्यावर उभ्या रेषा गायब झाल्या असतील तर कडेच्या फितीच्या जोडावर सोल्डरिंगची बेताची ऊब देऊन संपर्क पूर्ववत करता येतो. व्हर्च्युअल बॉयमध्ये फिती गोंदाने चिकटवल्या होत्या. तो गोंद वाळल्याने चित्र तुटते, म्हणून हौशी मंडळी त्या जागी सोल्डरिंग करतात.

घाई कशाची आहे?

जुन्या अनेक कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती एका नाण्याएवढ्या सेलच्या जोरावर टिकून असते. १९९६ च्या ‘पोकेमॉन’चेही तसेच. हे सेल साधारण पंधरा-वीस वर्षे पुरतात आणि त्यातल्या बहुतेकांची मुदत उलटून गेली आहे. सेल संपला की लहानपणी तासन्‌तास खेळून साठवलेले सारे पुसले जाते. खेळ पुन्हा सुरू करता येतो, त्या वेळची नोंद परत येत नाही.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रगती संगणकावर उतरवायची, मग जुना सेल काढून नवा सोल्डर करायचा आणि शेवटी प्रगती परत भरायची. सेल आधी काढला तर वाचवायला काही उरत नाही.

कायदा काय सांगतो?

या जुन्या खेळांवरचा कॉपीराइट संपलेला नाही. इंटरनेटवरून खेळांच्या फाइल उतरवणे किंवा त्या पेनड्राइव्हमध्ये भरून विकणे हे उल्लंघनच ठरते. मात्र भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, कायदेशीररीत्या स्वतः मिळवलेल्या संगणक प्रोग्रॅमची वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी प्रत काढण्यास किंवा त्यात बदल करण्यास मुभा आहे. म्हणजे स्वतःच्या कार्ट्रिजची प्रत स्वतःसाठी, इथवर ही सवलत जाते. ती प्रत दुसऱ्याला वाटणे तिच्यात बसत नाही. जीबी स्टुडिओसारख्या साधनांनी रचलेला स्वतःचा खेळ अर्थातच रचणाऱ्याचा असतो.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरशी याचा संबंध काय?

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. हाताशी असेल त्यातून वस्तू बनवायची आणि स्वस्तात विकायची, ही या बाजाराची ओळख. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा त्यातूनच आली. पलीकडे अंबरनाथला आयुध निर्माणी आणि एमआयडीसी, बदलापुरातही एमआयडीसी. यंत्र उघडून पाहायला न कचरणारे हात या पट्ट्यात आहेत.

इथे विकल्या गेलेल्या ‘९९९९ इन १’ कार्ट्रिजही मॉडिंगच होत्या. मोजकेच खेळ, पण कुठे दुसऱ्या पातळीपासून सुरुवात, कुठे जास्त आयुष्ये, असे बदल करून त्यांचीच लांबलचक यादी केलेली असे. तंत्र तेच, हेतू मात्र गिऱ्हाइकाला आकडा दाखवण्याचा. योकोई यांनीही दुसऱ्यांनी बनवलेले पडदे, सौर घट आणि चिपच वापरल्या. पण त्यांतून त्यांनी याआधी नसलेली वस्तू काढली. नक्कल आणि पुनर्वापर यांतला फरक तेवढाच आहे.

योकोई यांचे सूत्र आज इथल्या एखाद्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला किंवा मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याला सर्वाधिक उपयोगाचे आहे. सॉफ्टवेअर मोफत आहे, एम्युलेटरवर सराव करायला गेम बॉय विकत घ्यावा लागत नाही आणि आठ बिटांचे यंत्र एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावते. मोबाइलमधला आजचा प्रोसेसर एकट्याने तळापर्यंत समजून घेणे जवळजवळ अशक्य आहे. गेम बॉयचा काही महिन्यांत समजतो.

घरात जुना गेम सापडला तर...

– आधी सेल काढावेत. गळालेल्या सेलचा क्षार पट्ट्या खातो. पांढरा-हिरवा थर असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडा करावा.

– कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नये.

– तीन पाकळ्यांच्या स्क्रूसाठी त्याच आकाराचा पेचकस वापरावा. साध्या पेचकसाने खाचा झिजतात आणि मग कव्हर उघडत नाही.

– कार्ट्रिजमधला सेल बदलण्याआधी साठवलेली प्रगती उतरवून घ्यावी.

– टीव्ही गेमची बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर चालत नाही म्हणून ती बिघडली असे समजू नये. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो प्रकाश टिपते. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे ठरल्या क्षणी घडते, नव्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते. तेवढ्या फरकाने नेम चुकतो.